उकंडीचं नवं नाव

ग्रामसेवकांनी गॅझेटचा कागद वाचला, जन्माचा जुना दाखला वाचला आणि चष्म्यावरून पोरीकडं पाहिलं.

"उकंडी? हे नाव कोणी ठेवलं?"

"मी," बाकावरून तुळसाबाई म्हणाली. नातीच्या जन्माची नोंद करायला तीच आली होती, आणि आज नाव बदलायच्या दिवशीही, कोणी बोलावलं नसताना, सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. "हिच्या पहिलेचे दोन लेकरं गेले, साहेब. म्हनून हिले जन्मल्याबरोबर शेनाच्या उकंड्यावर ठेवलं. शेजारच्या केशरबाईनं उचललं. तिले सूपभर कोंडा देऊन आमी वापस घेतलं. फेकलेल्या लेकराले मरन हात लावत नाही. नऊ वर्सं झाले. लावला का?"

लावला नव्हता. तेवढं पोरीच्या आईला, रीतालाही कबूल होतं. पण शाळेत हजेरी सुरू झाली की पोरं नाकं दाबायची, आणि तिची लेक दिवसातून तीनदा साबण लावून अंग घासायची. रीता वर्षभर सासूशी भांडली, भंडाऱ्याला खेपा घातल्या, आणि नवं नाव मुद्दाम शोधून आणलं. खुशबू. बदलायचंच तर उकंड्यापासून चांगलं लांब नेऊन ठेवावं.

"आता माझी सही झाली की संपलं," ग्रामसेवक म्हणाले. "काय खुशबूबाई, खूश ना?"

पोर पुढं झाली. अंगात दिवाळीचा फ्रॉक, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. टेबलाची कड धरून तिनं अदबीनं विचारलं, "साहेब, सही झाली का मी लगेच मरन का? का उद्यापर्यंत टाइम रायते?"

ग्रामसेवक हसले. मग त्यांनी तिचं तोंड पाहिलं. हसू ओठांवर तसंच राहिलं, आवरायचं राहून गेलेलं.

"काय बोलून राहिली तू?" रीता म्हणाली.

"आजी सांगते ना. नाव गेलं का मरन येते."

तुळसाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. तिनं सांगितलं होतं खरं. धान पाखडताना, वेणी घालताना, निजवताना. पोरं ऐकतात आणि विसरतात, असं ती धरून चालली होती.

"मंग आली काहून तू, पोरी?" रीताचा आवाज फाटला. "सकाळपासून नाचून राहिली होती! तूच तं मले घाई केली!"

"उद्या शाळा आहे ना," पोर म्हणाली. "मॅडम हाजरी घेतेत. एक डाव तं खुशबू म्हनतीन. मंग येऊ दे त्याले."

रीतानं तिला ओढून पोटाशी धरलं. असं काही नसते, हे सारं खोटं आहे. हे वाक्य तिनं वर्षभर सासूला ऐकवलं होतं. आत्ता लेकीला ते सांगायच्या जागी तिनं तिचं डोकं पदराखाली झाकून घेतलं.

"करू ना सही?" ग्रामसेवकांनी हळूच विचारलं.

 रीताची नजर दाराकडं गेली होती.

तुळसाबाई उठली. दाराशी गेली आणि बाहेर तोंड करून उंबऱ्यावर बसली, पाय आडवे पसरून, सगळी वाट अडवून. घरपट्टी भरायला आलेला कैलाश आत शिरू लागला तशी ओरडली, "मांगं हट! अंदर कोनीच येत नाही आता." मग मान न वळवता म्हणाली, "करा, साहेब. मरनाले पहिले मले ओलांडा लागन."

साहेबांनी सही केली. शिक्का मारला. मग उठले आणि, एवढ्या उकाड्यात, पोरीच्या डोक्यावर फिरणारा पंखा त्यांनी गुपचूप बंद केला.