बांधी की बंदी
दुर्गेश्वरीनं पुण्यात शेतीचं अ‍ॅप बनवलं, तेव्हा घरच्या धानाच्या बांधीवरून, म्हणजे भातखाचरावरून, नाव ‘बांधी’च ठेवलं. परवा गावी, बोदलकसाला, तिच्या आईला, सुशिलाबाईला, फोन आला. ‘आई, तुझ्या नंबरवर खातं उघडतेय. मोबाईलवर बंदी अ‍ॅपचा ओटीपी आला असेल, तो सांग.’ आवाज लेकीचा होता, पण अ‍ॅपचं नाव चुकलं होतं. नकली आवाजात ओटीपी मागणाऱ्या चोरांबद्दल सुशिलाबाईनं ऐकलं होतं. ‘माही पोरगी बांधी म्हणते. तू कोण बोलून राहिली?’ ‘मीच गं. ऑफिसात सगळे इंग्रजी अक्षरं वाचून बंदी म्हणतात, मलाही तीच सवय लागली.’ ‘मंग सांग, पहिल्यांदा धानाच्या रोवणीले बांधीत उतरली तवा तुले काय चावलं?’ ‘खेकडा. अन् सांजेले तूनच तो भाजून मले चारला.’ सुशिलाबाईनं ओटीपी सांगितला. ‘पोरगी त माहीच आहेस. पण तुह्या ऑफिसवर माहा भरोसा नाही.’