लाल ठिपका

सहा नंबरच्या मशीनचं झाकण काढून टेक्निशियनने रॅमची, म्हणजे मेमरीची, तिसरी पट्टी उपसली आणि उजेडात धरली. पट्टीच्या कडेला लाल शाईचा ठिपका होता. त्यानेच काढलेला.

खराब पट्टी ओळखायची त्याची साधी रीत होती. संशय आला की पट्टीवर ठिपका काढायचा, ती दुसऱ्या मशीनमध्ये घालायची आणि दोन दिवस नजर ठेवायची. दुखणं तिच्याबरोबर गेलं, तर पट्टी कचऱ्यात. महिन्यापूर्वी विभागप्रमुख सरांच्या एक नंबरच्या मशीनमधली ही पट्टी त्याने सहा नंबरला घातली. एक नंबर ठणठणीत झालं, सर खूश झाले, आणि हा पठ्ठ्या नजर ठेवायचं साफ विसरला.

सहा नंबरवर संशोधक मुलीचं काम चालायचं. तेव्हापासून तिची गणितं मध्येच कोसळत होती, आकडे भलतेच येत होते, आणि ते सगळ्यांच्या माहितीच्या सामायिक साठ्यात जाऊन बसत होते. आठ मशीनची इवलीशी खोली, पण तिच्या नावाने बोंब साऱ्या इमारतीत. हिचा प्रोग्रॅम मेमरी खातो, हिला काही येत नाही. तिला ठेवायचं की काढायचं, हे सर आज चार वाजता ठरवणार होते.

"दादा, सापडलं काही?" ती दारात उभी होती. डोळे रडून सुजलेले.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग महिनाभराचा नासलेला साठा कुणाच्या माथी? त्याने पट्टी खिशात घातली, नवी बसवली, झाकण लावलं.

"मशीन चोख आहे, ताई. तुमचं तुम्हीच एकदा नीट बघा."

"तुम्ही निदान तोंडावर सांगता," ती म्हणाली. "बाकीचे पाठीमागे बोलतात."

ती तिथेच कीबोर्ड ओढून बसली. पहिल्या ओळीपासून चाळत गेली. एका ओळीवर थांबली, ती खोडली, नवी लिहिली आणि प्रोग्रॅम चालू केला. अर्धा तास झाला, तरी तो अडखळला नाही. कसा अडखळेल!

"दादा, सापडलं!" तिने टाळीच वाजवली. "ही ओळ बघा. चूक माझीच होती. महिनाभर मी उगाच मशीनला शिव्या घातल्या हो."

"सरांना सांगायलाच हवं का हे?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय! प्रामाणिकपणे सांगितलं तर समजून घेतील ते." ती कागद घेऊन जवळजवळ पळतच गेली.

सव्वाचारला सरांचा फोन आला. "तिचं खातं बंद कर. स्वतःच कबूल झाली, बरं झालं. नाहीतर आज मी तुझी मशीनंच बाहेरच्या माणसाकडून तपासून घेणार होतो."

त्याने खातं बंद केलं. एका बटणाचं काम.

ती पिशवी घ्यायला आली, तेव्हा तो पाठ करून वायरी आवरत बसला. पट्टी मांडीला टोचत होती.

"दादा, एक करा," ती दारातून म्हणाली. "माझ्या जागी जो येईल, त्याला ती ओळ दाखवा. त्याचा तरी महिना वाचेल."

"दाखवतो," तो म्हणाला.