बास्केटखाली तुळसा

"हात वर, तुळसा! हात वर ठेव गं!"

रूपाली ओरडली आणि बॉल घेऊन सुसाट पळाली. पायाला भिंगरी, आणि जीव सगळा बास्केटखाली उभ्या असलेल्या त्या उंच पोरीत अडकलेला. वर्तकनगरच्या कॉलेजचं ग्राउंड, तापलेलं सिमेंट, आणि कडेला खुर्चीत प्रमोदिनी मॅडम, तोंडात शिट्टी. मॅडमनी सकाळीच ऐकवलं होतं, "बास्केटखाली पाय रोवून उभी राहील अशी एक तरी मुलगी आज दाखव. नाहीतर यंदा ज्युनियरची टीम डिस्ट्रिक्टला जाणार नाही. गेल्या वर्षीसारखं हसं नकोय मला."

रूपाली बारावीत. तिच्यासाठी 'यंदा नाही' म्हणजे कधीच नाही.

म्हणून तर तिने मानपाड्याच्या तुळसाला पटवलेलं. अकरावीत नवी आलेली, टाचा न उचलता फळ्याची वरची कड पुसणारी तुळसा. घरात काका, आत्या, चुलत भावंडं, सगळी कबड्डीची. पहिल्याच दिवशी सीनियरच्या टीमची करिश्मा बॉल घेऊन आत शिरली, तर तुळसाने तिला कमरेला धरून अलगद उचललं आणि पकडून ठेवलं. रूपालीने कपाळावर हात मारला. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "हात लावायचा नाही. हात लागला की फाऊल."

आताही करिश्मा आत शिरली, उडाली. तुळसाही उडाली. बॉल रिंगवर आपटून बाहेर आला. शिट्टी नाही, काही नाही. रूपालीने बॉल उचलला, वळून पाहिलं, तर तुळसा गायब.

ती लाइनच्या बाहेर जाऊन शांतपणे मांडी घालून बसली होती.

"ए! तिथे काय बसलीस?"

"बाद झाले ना. माझा हात लागला ताईला."

"अगं, शिट्टी कुठे वाजली?"

"शिट्टी कशाला पायजे? मना कळला ना."

रूपालीने मोजलं. चार जणी उरल्या, समोर पाच. खेळ थांबवावा तर मॅडम बघतायत. तिने डोळे मिटल्यासारखे केले आणि लांबूनच बॉल फेकला. गेला की आत!

तोच मागून धपधप पावलं. तुळसा पळत आली ती थेट बास्केटखाली.

"आपला पॉइंट आला, मी जिवंत!"

ग्राउंडभर हशा. कबड्डीत असंच असतं, बाद झालेलं माणूस बाहेर बसतं आणि आपल्या बाजूला पॉइंट मिळाला की उठून परत येतं. पण हे करिश्माला सांगणार कोण? ती गुडघ्यांवर हात टेकून हसत होती. "परत मर ना गं, मजा येते!"

मॅडम हसल्या नाहीत. "रूपाली, ही तुझी सेंटर? ही उभी राहणार बास्केटखाली?"

"दोन मिनिटं, मॅडम. प्लीज. दोनच."

रूपाली तुळसाजवळ गेली. बोलायला तिला मान पार वर करावी लागली.

"ऐक. मी शिकवलेलं सगळं विसर. करिश्मा चढाईला आलीय असं समज. तिची मधली रेषा रिंगच्या खाली आहे. तिथे तिला पोचू द्यायचं नाही."

"धरू?"

"हाताने नाही, पाठीने! तिच्याकडे पाठ कर, थोडी खाली बस, आणि ती जाईल तिकडे पाठ ने."

तुळसाने विचार केला. "पाठ लागली तर बाद नाय?"

"पाठ लागली तर तू राणी."

पुढचा बॉल रिंगकडे निघाला आणि तुळसा वळली. गुडघे वाकले, पाय फाकले, एकदम ओळखीच्या जागी आल्यासारखी ती तिथे रुतली. करिश्मा डावीकडून घुसली, तिथे पाठ. उजवीकडून घुसली, तिथेही पाठ. बॉल रिंगवरून घरंगळला आणि तुळसाच्या हातात पडला. तिला उडीसुद्धा मारावी लागली नाही. मग पुन्हा तेच. आणि पुन्हा.

"अगं ए, भिंत आहेस का?" करिश्मा चिडली. आता कोणी हसलं नाही.

मॅडम खुर्चीतून उठल्या. "उद्यापासून रोज यायचं हिने. आली, तर टीम जाईल."

रूपाली किंचाळणारच होती, पण तुळसा मध्येच म्हणाली, "मॅडम, मग यात बाद कधी होतात?"

"पाच फाऊल झाले की बाहेर."

"आणि आपल्या पोरींनी पॉइंट काढला की आत?"

"नाही. पाच झाले की संपलं. मग कितीही पॉइंट येऊ देत."

तुळसाचा चेहरा उतरला. "म्हंजे सगळ्या आत खेळत असल्या तरी मना कोणच जिवंत करणार नाय?"

"कोणीच नाही."

तुळसा खाली बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. रूपालीला वाटलं, संपलं. कबड्डीत परत जाणार ही! ती तिला अडवायला पुढे धावली.

तुळसाने नाडी करकचून ओढली. दुहेरी गाठ मारली.

"मग बादच नाय व्हायचा," ती म्हणाली आणि उठली.

करिश्मा घाम पुसत कडेला ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडे निघाली होती. मध्ये पाठ आली. ती डावीकडून गेली, पाठ डावीकडे. उजवीकडून गेली, पाठ उजवीकडे.

"मॅडम, सांगा ना हिला! मला तहान लागलीय!"