उत्तरेच्या कोपऱ्यातली ऊब

जुनं घर पाडून ओक-बुन आजींनी त्याच जागी नवं बांधलं होतं. काँक्रीटवर थर्माकोल टाकून मी आणि मान-सिक जमीन तापवायचे पाइप अंथरत होतो. त्यांत गरम पाणी सोडणारा बॉयलर अजून आला नव्हता.

उत्तरेच्या कोपऱ्यात थर्माकोल हाताला कोमट लागला.

"ऊन पडलं असेल," मान-सिक म्हणाला.

"उत्तरेला? तुझ्या सासऱ्यानं पाठवलं का?"

मी चाचपत गेलो. ऊब आडव्या माणसाएवढी होती; पलीकडे सगळं गारठलेलं.

"इथं आधी काय होतं, आजी?" काम बघायला आलेल्या आजींना मी विचारलं.

"आमच्या ह्यांचं अंथरूण. चुलीची धग तिथंच यायची ना जमिनीखालून! मरेपर्यंत मला कधी तिथं निजू दिलं नाही."

बोलता बोलता आजी तिथंच टेकल्या.

माझ्या हाताखालची ऊब हळूच भिंतीकडे सरकली, कुणी कूस बदलून जागा करून द्यावी तशी.