धाकटी काळी

विहाराच्या आवारात दोन मंडप होते आणि आज दोन्हीकडे अंत्यविधी होता. बुनमा आजी मधल्या फरशीवर उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. पहाटेच गावाहून बसमध्ये बसलेली ती आत्ता कुठे बँकॉकला पोचली होती. गेलेल्या माणसाच्या हातावर पाणी घालायची वेळ टळत आली होती. एकदा का भंते मंत्र म्हणायला बसले, की पेटी बंद. आणि आपली मैत्रीण कुठल्या मंडपात आहे, हेच तिला कळेना.

दोन्हीकडे फुलांच्या कमानीत मोठा फोटो होता. दोन्ही फोटोंतल्या बायका दुधासारख्या गोऱ्या, गालावर एक सुरकुती नाही. पाट्यांवर नावं होती, पण त्यांचा काय उपयोग? गावात तिला कुणी नावाने हाक मारलीच नव्हती. बुनमा मोठी काळी आणि ती धाकटी काळी. शहरात गेल्यावर धाकटीने नाव बदलून घेतलं, एवढं कानावर आलं होतं. काय घेतलं, ते कुणी सांगितलं नाही. काल तिच्या लेकीचा शेजाऱ्यांकडे फोन आला, आई गेली, अमक्या विहारात या. नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

उजवीकडच्या मंडपाच्या दारात काळ्या कपड्यांतली एक मुलगी येणाऱ्यांच्या हातात काहीतरी देत होती. आजी तिच्याजवळ गेली.

“पोरी, काळीचं इथेच का गं?”

“कोणाचं?”

“काळीचं. धाकट्या काळीचं. आमच्या गावची, रोई-एतकडची.”

मुलीने ओठ दाबून हसू आवरलं. “आजी, इथे काळं कुणी नाही. या आमच्या मालकीणबाईंच्या आई. फोटो बघा ना, कशा गोऱ्यापान.” तिने आजीच्या तळहातावर एक छोटी ट्यूब ठेवली. “ही घ्या. आठवण म्हणून सगळ्यांना देतोय. आमच्याच दुकानातली आहे, पंधरा दिवसांत फरक पडतो. तुम्हाला तर…” ती अडखळली.

“मला तर दोन लागतील,” आजी म्हणाली. “पण आज पौर्णिमेचं व्रत आहे बाळ. आज अंगाला काही लावत नाही मी.” आणि तिने ट्यूब हलकेच परत मुलीच्या टोपलीत ठेवली.

पुन्हा मधल्या फरशीवर येऊन तिने हात जोडले. मग मनाशी म्हणाली, दोन्हीकडे घालू पाणी. कुणाच्याही हातावर घातलं तरी पुण्य काही वाया जात नाही.

आधी ती डावीकडे गेली. चादरीबाहेर काढून ठेवलेला हात गुबगुबीत होता, बोटं बाळासारखी. या हाताने कधी चिखल पाहिला नव्हता. “तुमचंही कल्याण होवो हो,” असं म्हणून आजीने त्यावर पाणी घातलं आणि लगबगीने पायऱ्या उतरली.

उजवीकडे रांग संपत आली होती. मृताचा चेहरा पांढऱ्या कापडाने झाकलेला होता. उजवा हात तेवढा बाहेर, पिठात बुडवून काढावा तसा पांढरा. उशाशी एक चाळिशीची बाई पावडरची डबी घेऊन उभी होती. ही लेक असणार.

“मावशी, थोडंसंच घाला हं,” ती हळू आवाजात म्हणाली. “नुसतं बोटांच्या टोकावर. हाताला पावडर लावलीय. पावडरीशिवाय हात दिसलेला आईला आवडायचा नाही.”

आजीने मान हलवली. जाईच्या पाकळ्या टाकलेल्या पाण्यात चांदीची वाटी बुडवली आणि ती खाली वाकली.

करंगळी वाकडी होती.

पहिल्या पेरापासून आत वळलेली, विळा लागला तेव्हा वळली ती वळलीच. बुनमानेच तंबाखूचं पान चावून त्यावर बांधलं होतं आणि धाकटी रडायची सोडून हसत सुटली होती, पानाची थुंकी लागली म्हणून.

तिला नेहमी नको तिथे हसू यायचं. सोङक्रानला, नव्या वर्षाच्या पाण्याच्या सणाला, दोघी पांढरी माती कालवायच्या, कपाळापासून गळ्यापर्यंत थापायच्या आणि बांधावरून राजवाड्यातल्या बायकांसारख्या मान ताठ करून चालायच्या. मग कालव्यात उतरून करवंटीने एकमेकींवर पाणी. माती धुऊन जिचा चेहरा आधी काळा होईल ती हरली. हरलेलीने दोघींच्या भाताच्या टोपल्या घरी न्यायच्या. धाकटीला हसता हसता चुकवताच यायचं नाही. दरवर्षी टोपल्या तिच्याच खांद्यावर. दरवर्षी रागवायची, आणि दरवर्षी माती कालवायला आधी तीच हजर.

आजीने वाटी कलती केली. पाणी बोटांच्या टोकावर पडलं नाही, मनगटावर पडलं. तिथून ते सावकाश खाली उतरलं आणि खालच्या भांड्यात दुधाळ होऊन साचलं.

“मावशी, पावडर जातेय.”

“जाऊ दे गं.”

तिने दुसरी वाटी भरली. आधी बोटांचे सांधे उघडे पडले, मग हाताची पाठ, मग शिरा. चिंचोक्यासारखा रंग, तसाच्या तसा. लेकीने पावडरची डबी उघडली, पण पुढे केली नाही.

आजी कापडाआडच्या कानाशी वाकली.

“हरलीस, धाकटे,” ती म्हणाली. “पण राहू दे. आज टोपल्या मी नेते.”