अकराच्या आत

भाड्याचा चेक वटण्याइतके पैसे घड्याळवाल्या आजोबांच्या खात्यात नसायचेच, पण कमी पडलेली रक्कम पत्र्याच्या डब्यात घालून ते दर महिन्याला अकराच्या आत बँकेत हजर व्हायचे. अकरानंतर चेकवर ‘परत’चा शिक्का बसतो, हा नियम त्यांना पाठ होता. “ताई, शिक्का मारला नाहीत ना?” असं क्लार्कबाईंना विचारतच ते आत शिरायचे. आज अकराला पाच मिनिटं उरली तरी त्यांचा पत्ता नव्हता. एकटा जीव, त्यात फोनही उचलेनात. बाईंनी पुन्हा नंबर फिरवला. “मारा शिक्का,” साहेब म्हणाले. बाईंनी तो शाईत दाबला, पण हात पुढे सरेना. तेवढ्यात आजोबांची शेजारीण धापा टाकत डबा घेऊन आली. “पहाटेपासून छातीत कळा येताहेत. म्हणाले, आधी बँक गाठ.” “डॉक्टर काय म्हणाले?” “त्यांच्याकडे आता जाते. अकराच्या आत पोचले ना?”