अर्धा धागा

मालक दामोदरन यांनी विणलेला नमुना टेबलावर आपटला. काठावरच्या मोराला चोच नव्हती.

"तिसरा मोर, एकंबरम. आयुधपूजा झाली की घरी बसा. डोळे गेलेत तुमचे."

एकंबरम कांचीपुरमच्या त्या रेशमाच्या कारखान्यात चाळीस वर्षं काठांची नक्षी काढत होते. आधी चौकटीच्या कागदावर, आता कॉम्प्युटरवर. एक ठिपका म्हणजे एक धागा. पडद्यावर चोच फुगलेली दिसायची, ते जादाचे ठिपके पुसायचे, आणि मागावरून मोर बिनचोचीचा निघायचा. गेल्याच महिन्यात नवा चष्मा केला. चोच तशीच फुगलेली. पण नोकराचे डोळे आणि मालकाचं मशीन यांत आंधळं कोण, हे आधीच ठरलेलं असतं.

पूजेत कामाची अवजारं मांडतात, म्हणून मशीन साफ करायला कॉम्प्युटरच्या दुकानातून शेणबगम आली होती. तिनं पडदा पुसला, पुन्हा पुसला.

"काका, हे असं अंधुक कुणी करून ठेवलंय?"

"माझे डोळेच गेलेत, पोरी."

"माझे तेवीस वर्षांचे आहेत. मलाही अंधुकच दिसतंय." तिनं सेटिंग उघडलं. "पडद्याचे आडवे ठिपके एकोणीसशे वीस. इथं लावलेत तेराशे सहासष्ट. बाकीची जागा तो ताणून भरतो."

एकंबरम ताठ बसले.

"म्हणजे तेराशे धाग्यांची नक्षी मागाच्या एकोणीसशे घरांच्या फणीत कोंबली? एका धाग्याला दीड घर येणार की मग."

"तसंच."

"अर्धा धागा मी जन्मात पाहिला नाही. सरक."

त्यांनी स्वतः माऊस धरला आणि एकोणीसशे वीस निवडलं. पडदा क्षणभर काळा झाला. मग मोर आला. चोच सुईसारखी, बरोबर दोन धाग्यांची.

"आलास का रे बाबा," एकंबरम हसले.

हसणं ऐकून आलेले मालक पडद्यावर वाकले. "अहो, अक्षरं मुंगीएवढी झाली की. म्हणून तर मी ते..."

शेजारच्या दोन मागांची खटखट थांबली.

"कधी केलंत?" एकंबरमनी विचारलं.

"पोंगलला. संध्याकाळी मला नक्षी बघायची असते ना."

"सर, अक्षरं तेवढी मोठी करता येतात," शेणबगम म्हणाली. "ठिपक्यांना हात न लावता." तिनं करून दाखवली.

"अजून थोडी."

तिनं केली.

"अजून."

"सर, याहून मोठी केली तर पडद्यावर एकच अक्षर मावेल."

मागावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

एकंबरमनी नवा चष्मा काढला. खिशातला जुना नाकावर चढवला. नवा नेसलेल्या वेष्टीच्या टोकानं नीट पुसून मालकांच्या हातात ठेवला.

"उद्या पूजेत हा मांडा," ते म्हणाले. "तुमचं आयुध."